शटरमागच्या घड्या

माझी वहिनी स्वतः कधी वेळेवर घरी येत नाही, आणि तिची नोकरी मात्र लोकांना वेळेवर घरी पाठवण्याची आहे. हे मी तिच्या तोंडावर म्हणते, म्हणून इथे लिहायलाही मला काही वाटत नाही.

तिचं नाव रत्नप्रभा. माझा धाकटा भाऊ दशरथ, त्याची ही बायको. महापालिकेच्या दुकाने आणि आस्थापना खात्यात ती निरीक्षक आहे. दुकानाच्या परवान्याला मुंबईत सगळे गुमास्ता म्हणतात, म्हणून घाटकोपरचे दुकानदार तिला ‘गुमास्तावाल्या मॅडम’ म्हणून ओळखतात. दुकानात, हॉटेलात, ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला दिवसाला नऊ तासांच्या वर राबवायचं नाही, राबवलं तर त्या वेळेचा दुप्पट पगार द्यायचा, आठवड्याची सुट्टी बुडवायची नाही, हे बघणं तिचं काम. मध्यंतरी नवा कायदा आला आणि सरकारने ‘निरीक्षक’ शब्द काढून ‘सुविधाकार’ केला. तेव्हा मी तिला विचारलं होतं, "म्हणजे आता दुकानदारांना चहा तू नेऊन देणार का गं?"

"ताई, नाव काय हवं ते ठेवू देत," ती म्हणाली. "तास नऊच आहेत ना?"

मी कुंदा. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. आमच्याकडे पाळी संपली की कानावरचा हेडफोन काढायचा आणि उठायचं, मग समोर कोणाचा ट्रंक कॉल का अडकला असेना. लग्न केलं नाही. पंतनगरच्या या घरात आम्ही तिघं राहतो. वहिनी बाहेर सांगते की ताई आमच्याकडे असतात, आणि मी सांगते की ही दोघं माझ्याकडे असतात, कारण घर माझ्या नावावर आहे. यावरून आमचं अजून एकदाही भांडण झालेलं नाही. इतर सगळ्यावरून झालेलं आहे.

ती या कामाला इतकी का चिकटलीय ते मला खूप उशिरा कळलं. तिचे वडील गिरणीत होते. पाळी सुटली की घरी यायचे, आंघोळ करायचे आणि पोरांना घेऊन बसायचे. हिचे पाढे त्यांनी घेतले, हिला सायकल त्यांनी शिकवली. गिरणी बंद पडली आणि ते अंधेरीला एका इमारतीवर वॉचमन झाले. बारा तासांची ड्युटी, कधी दिवसाची, कधी रात्रीची, सुट्टी नाहीच. "तिथून पुढे बाबा मला आठवतात ते झोपलेलेच," असं ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. मी तिच्यापुढची अर्धी भाजी माझ्याकडे ओढली.

तपासणीला ती आवाज चढवून कधी बोलत नाही. तो कोटा देवाने माझ्याकडे दिलाय. वाकोल्याला होती तेव्हा एका बेकरीवाल्याने तिला सांगितलं, "मॅडम, इथे नोकर कोणीच नाही, सगळे माझे भाचे आहेत." पीठ माखलेले भाचे भट्टीपासून दारापर्यंत उभे. वहिनी म्हणाली, "वा, भरलं घर आहे. यांच्या आयांची नावं सांगा बघू, म्हणजे तुमच्या बहिणींची." बेकरीवाला दुसऱ्या बहिणीलाच अडला. त्यावर तीच हसली, तोही हसला, आणि मग मुकाट्याने त्याने प्रत्येकाची वेळ लावून दिली. दुकानदाराचा अपमान न करता त्याच्याकडून कायदा पाळून घ्यायचा, ही तिची रीत. माझ्याच्याने हे जन्मात जमलं नसतं, मी भट्टीच बंद करून आले असते.

आता ज्या दुकानाची गोष्ट सांगायचीय ते घाटकोपरमधलं साड्यांचं दुकान. नाव सांगत नाही. मालक अजून रस्त्यात भेटला की हात जोडतो, आणि मला भीड पडते. आपण त्याला नंदूशेठ म्हणू, तसं त्याचं नाव नंदकुमार आहेच. माणूस वाईट नाही. बापाच्या हातगाडीपासून त्याने हे दोन मजली दुकान उभं केलं. खाली गादी, वर शालू आणि पैठण्या, आणि दाखवायला सगळ्या बायका. लग्नाचा बस्ता बांधायला लोक ठाण्याहून, पनवेलहून येतात.

हल्ली कोणत्या दुकानात जायचं ते वहिनी ठरवत नाही, कॉम्प्युटर ठरवतो. पण तक्रार आली तर जाता येतं, आणि या दुकानाविरुद्ध एक निनावी तक्रार आली होती. तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं, म्हणजे बस्त्यांचा हंगाम. वहिनी दुपारच्या शांत वेळी गेली. रजिस्टर अगदी सोवळ्यातलं होतं. सगळ्या बायका सकाळी दहाला येतात आणि संध्याकाळी सातला जातात, मधे जेवायची सुट्टी, खाली सह्या. बायकांना विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, तेही एका सुरात.

वहिनी गादीवर बसली. आजूबाजूला साड्यांचे गठ्ठे, एकेक घडी अशी की वाटावं इस्त्रीच मारलीय. आता साडीची खरेदी काय असते ते बाईमाणसाला सांगायला नको. एका बस्त्याला आठ-दहा जणी येणार, नवरीला काही पसंत नाही पडणार, नवरीच्या मावशीला सगळंच पसंत पडणार, आणि गादीवर ढीग साचणार. वहिनीने सहज विचारल्यासारखं विचारलं, "शेठ, काल संध्याकाळी बस्ते झाले असतील ना? मग एवढ्या साड्या उघडल्या त्यांच्या घड्या कोण घालतं? आणि कधी?"

शेठ अभिमानाने म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे शिस्त आहे. जो उघडील तो घडी घालील. माझ्या वडिलांपासूनचा नियम. घडी झाल्याशिवाय कोणी गादीवरून उठत नाही."

"म्हणजे सातनंतर?"

"दुकान बंद झाल्यावर. शटर पाडून, शांतपणे."

"मग काम नऊला किंवा त्याच्याही पुढे संपतं."

"काम कुठलं मॅडम?" शेठना खरंच कळेना. "काम म्हणजे गिऱ्हाईक. शटर पडलं की काम संपलं. घड्या म्हणजे काय, हात चालतो, तोंड चालतं. गप्पा मारतात, मी चहा सांगतो. घरच्यासारखं आहे."

मला हे सांगताना वहिनी म्हणाली की तो खोटं बोलत नव्हता. त्याला मनापासून तसंच वाटत होतं. मी म्हटलं, त्याच्या मनाला एकदा घडी घालून बघायला सांग.

मग वहिनीने तिच्या सगळ्या नोकरीत केली नसेल अशी चूक केली. शेठ समोर बसलेले असताना तिने बायकांकडे वळून विचारलं, "शटर पडल्यावर किती वेळ बसता गं?" सगळ्या खाली बघायला लागल्या. एकच बोलली. "एक बस्ता असला तर नऊ," ती म्हणाली. "दोन असले तर त्याच्यापुढे. रजिस्टरात सातचीच सही करायची." तिचं नाव रेवती.

नोटीस निघाली. रोज सातला सुट्टी द्यायची, जास्तीच्या वेळेचा दुप्पट पगार द्यायचा. शेठनी ती हात जोडून घेतली आणि त्याच संध्याकाळी रेवतीला सांगितलं, "तक्रार तूच केलीस. उद्यापासून येऊ नकोस."

हे आम्हाला कळलं ते रविवारी. बेल वाजली, दार मी उघडलं. बाहेर तिशीतली बाई, सोबत शाळेच्या वयाची मुलगी.

"मॅडम आहेत?"

"तुम्ही कोण?"

"त्यांच्यामुळे नोकरी गेली ती."

मी चिडले. रविवारी दारात येऊन अशी बोलणारी बाई कोणालाही आवडणार नाही. मी काही बोलणार इतक्यात वहिनी ओल्या हातांनी बाहेर आली, आणि रेवतीला पाहून तिचा चेहरा असा पडला की माझा राग जागच्या जागी विरला.

रेवती रडली नाही. बसलीसुद्धा नाही. "मॅडम, तक्रार मी नव्हती केली," ती म्हणाली. "कोणी केली मला माहीत नाही. तुम्ही विचारलंत, मी खरं बोलले. ज्या गप्प बसल्या त्या कामावर आहेत. मला माझं रडगाणं ऐकवायचं नाही, पण माझं दहावीचं वर्ष आहे."

मग हळूहळू सगळं कळलं. ती असल्फाच्या टेकडीवर राहते. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं. नवरा टेम्पो चालवतो. यंदा जूनमध्ये तिने रात्रशाळेत नाव घातलं. ही शाळा संध्याकाळी सातच्या सुमारास भरते, दिवसभर कामं करून आलेली माणसं तिथे बाकावर बसतात. रेवतीचं दुकान शाळेपासून हाकेच्या अंतरावर, पण घड्यांमुळे ती जेमतेम सुट्टीच्या दिवशी आणि एखाद्या रिकाम्या संध्याकाळी पोचायची. हजेरी आधीच लंगडी. हेडबाईंनी सांगितलं होतं की आता बुडवलंस तर हॉल तिकीट देता येणार नाही.

"मुलुंडला मॉलमध्ये काम मिळतंय," रेवती म्हणाली. "पण सुटायला रात्रीचे दहा. नवरा म्हणतो, आधी काम घे, शाळा नंतर बघू. मॅडम, नंतर काही होत नाही. यंदा सुटली तर मी परत बसणार नाही. मी मला ओळखते."

मुलगी आईचा पदर धरून आमच्या फ्रिजवरचे लोहचुंबक बघत होती. मी तिला लाडू दिला. दुसरं काय करणार?

दोघी गेल्यावर वहिनी ओट्यापाशी आली. "ताई, चुकले मी," ती म्हणाली. "एकेकीला बाजूला घेऊन विचारायचं असतं. नव्या पोरांना मी हेच शिकवते. त्या दिवशी तो घड्यांचं बोलला आणि मला वाटलं, सापडला! त्या नादात पोरीला उघड्यावर पाडलं."

"मग तू त्याला परत नोटीस दे."

"कामावरून काढणं माझ्याकडे येत नाही. ते कामगार आयुक्तांकडे. अर्ज लिहून देते मी तिला, पण त्याचा निकाल लागेपर्यंत तिच्याआधी तिची मुलगी दहावीला बसेल."

अर्ज तिने लिहून दिलाच. रेवतीच्या हेडबाईंना जाऊन भेटली, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की ती येत राहिली तर बघू. दोन-तीन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. आमचा दशरथ बिचारा ताटं वाढून गावच्या बोलीत हाका मारायचा, "गो रत्ना, जेवाण निवला!" आणि ही खिडकीत. मग एका संध्याकाळी ती लवकर घरी आली. लवकर! मी घड्याळ बिघडलं का बघितलं.

"ताई, चला. साडी घ्यायचीय."

"कोणाला?"

"तुम्हाला. आणि नणंदेशिवाय साडी घ्यायला गेलं तर लोक काय म्हणतील?"

कुठे जायचंय ते मला लगेच कळलं. मी विचारलं, "हे तुमच्या नियमात बसतं का गं?" तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून फ्रिजवर ठेवलं. म्हणाली, "गिऱ्हाईकाने साडी बघू नये असा नियम अजून आलेला नाही."

दुकानात शिरलो तेव्हा सहा वाजून गेले असतील. बायका आमच्याकडे बघून एकमेकींकडे बघायला लागल्या. शेठ गल्ल्यावरून उठले, चेहरा पांढरा. गल्ल्यावरच शेजारी त्यांची बायको सुलक्षणाबाई, पाठीला पट्टा बांधून बसलेली. वहिनीने आधीच सांगून टाकलं, "शेठ, आज खात्याकडून आलेली नाही. बघा, कार्डपण नाही. आमच्या ताईंना साडी बघायचीय."

शेठना हायसं वाटलं. त्यांनी एका मुलीला हाक मारली. वहिनी म्हणाली, "तिला नको. तुम्हीच दाखवा ना. पारख तुमची."

पुरुषाला एवढं पुरतं. नंदूशेठ गादीवर मांडी घालून बसले आणि जे सुरू झाले! खोटं कशाला बोला, साडी दाखवणं ही त्यांची कला आहे. मनगटाला एक झटका आणि इरकल जमिनीवर पसरली. त्यावर नारायणपेठ, त्यावर महेश्वरी. "ताई, हा रंग बघा. हा तुमच्या गोऱ्या रंगावर..." मी सावळी आहे, पण बोलले नाही. मला वहिनीने डोळ्यांनी दटावलं होतं. मी हा काठ नको म्हटलं, तो पदर भडक म्हटलं, मोरपंखी मागितला, मग मोरपंखीत जरा फिका मागितला. या कामात मला कोणी शिकवायला नको. दोन पैठण्या वरून आल्या. बघता बघता गादीवर ढीग झाला, शेठचा गुडघा त्यात बुडाला.

सात वाजले. बायका उठल्या नाहीत. प्रत्येकीच्या पुढ्यात आपापल्या उघडलेल्या साड्या होत्याच, थोड्याथोडक्या. नोटिशीनंतर शेठनी सुट्टी सातचीच केली होती, पण घड्यांचा नियम तसाच होता. म्हणजे जायचं तर सातला, पण उठायचं घडी झाल्यावर.

वहिनीने मुलींना विचारलं, "सुट्टी झाली ना गं तुमची?"

"घड्या राहिल्यात," एक पुटपुटली.

"शेठ," वहिनी म्हणाली, "घड्या म्हणजे काम नाही म्हणालात ना? मग आज या गेल्या तर काय बिघडेल? नुसता हात चालवायचा, गप्पा मारायच्या. आम्ही दोघी आहोत गप्पा मारायला. आणि हा एवढा ढीग तर तुम्हीच उघडलाय. जो उघडील तो घडी घालील."

एका बस्त्याची निवड संपून गल्ल्यावर बिल चालू होतं. ती माणसं मान वळवून बघायला लागली. शेठनी बायकांकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं, आणि हात हलवून मुलींना जा म्हणून खूण केली. त्या गेल्या. धावतच गेल्या म्हणा ना.

मग नंदूशेठनी पहिली घडी घालायला घेतली. इतकी वर्षं साड्या विकल्या, पण घडी त्यांनी स्वतः कधी घातलीच नव्हती. पदर आत गेला, काठ बाहेर आला. परत उघडली. या टोकाला धरावी तर ते टोक निसटे. पैठणीची जर चुरगळू नये म्हणून जीव मुठीत, आणि घाम टपकून डाग पडू नये म्हणून मान वर. मी गंमत बघायला गेले होते. पण पाचव्या-सहाव्या साडीला मलाच कसंतरी व्हायला लागलं, कारण त्यांची कंबर भरून आलेली दिसत होती. वहिनीकडे पाहिलं, तर तोंडावर विजयाचा मागमूस नाही.

गल्ल्यावरून सुलक्षणाबाई हसल्या. आधी पदरात, मग उघड. "हातगाडी होती तेव्हा सगळ्या घड्या मी घालायचे," त्या आम्हाला म्हणाल्या. "त्यातच ही पाठ गेली. यांना वाटतं साड्या आपल्या आपण घडीत जाऊन बसतात."

शेठनी हातातली साडी खाली ठेवली. "मॅडम, तुम्हाला काय पाहिजे ते एकदा सांगा ना. रेवती पाहिजे, हो ना? तिने मला तुमच्यासमोर तोंडघशी पाडलं. माझं मीठ खाऊन."

मला वाटलं, आता वहिनी याला सोलून काढणार. मी तर तयारच होते. पण वहिनी उठली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्या बस्त्यावाल्या माणसांदेखत तिने हात जोडले.

"शेठ, तुम्हाला तोंडघशी मी पाडलं," ती म्हणाली. "तुमच्या माणसांना तुमच्यासमोर विचारायचं नसतं, ते मी विचारलं. ती फक्त खरं बोलली. तक्रारही तिची नाही. चूक माझी झाली, मी तुमची माफी मागते. पण माझ्या चुकीची शिक्षा तिला देऊ नका. तिचं दहावीचं वर्ष आहे."

इतक्या वर्षांत मी तिला कोणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. सासूपुढे नाही, वॉर्ड ऑफिसात साहेबांपुढे नाही, माझ्यापुढे तर नाहीच नाही. मला तिचा अभिमान वाटला. इतका वाटला की मी तो लपवायला समोरच्या साडीचा काठ बघायला लागले. आपल्यात अधिकारी चुकला तर फाईल हरवते. ही बाई गिऱ्हाईकांसमोर, ज्याला नोटीस दिली त्याच्याच दुकानात माफी मागत होती.

शेठ गडबडले. भांडायला आलेल्या माणसाशी काय करायचं ते त्यांना येत होतं, याचं येत नव्हतं. "अहो मॅडम... असं काय..." म्हणत ते बायकोकडे बघायला लागले.

"दहावी?" सुलक्षणाबाई म्हणाल्या. "ती दहावीला बसलीय? मग मला कोणी सांगितलं का नाही?" आणि नवऱ्याला, "अहो, फोन लावा तिला. आणि संध्याकाळच्या घड्यांना वेगळ्या बायका ठेवा. दुपारी येतील, रात्री जातील. नाहीतर रोज बसा असेच."

साडी आम्ही घेतली. फिकी मोरपंखी नारायणपेठ. पैसे अर्थात मी दिले.

रेवती परत कामाला लागली. घड्यांसाठी दोघी वेगळ्या आल्या, दुपारी येणाऱ्या. दुप्पट पगाराचा हिशोब शेठनी कुरकुर करत चुकता केला. पुढच्या वेळी खात्यातून दुसरंच कोणी तपासणीला गेलं, कारण वहिनीने स्वतःच साहेबांना सांगितलं होतं की त्या दुकानात आता मला पाठवू नका, मी तिथे नको तितकी ओळखीची झालेय. आणि हो, तिने ते माफीचं प्रकरणही लिहून दिलं. साहेब म्हणाले, एवढं लिहायची काय गरज होती? ती म्हणाली, होती.

हॉल तिकीट मिळालं. पहिल्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी वहिनीने देवापुढे दिवा लावताना दोनदा काडी विझवली. तिसरी काडी मी ओढली.

निकाल लागला त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती, संध्याकाळी रेवती घरी आली. यावेळी ती बसली. सगळे विषय सुटले होते, गणित सोडून. गणितात गेली होती, तेही थोडक्यात.

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते मधले दिवस बुडाले ना तुझे. त्यातच गेलं गणित. माझ्यामुळे गेलं."

"नाही हो मॅडम," रेवती हसली. "गणित माझं आठवीपासून गेलेलं आहे. जुलैत पुरवणी परीक्षा आहे, तिला बसते."

"बसशील?" वहिनीने विचारलं. त्या रविवारी दारात रेवती काय म्हणाली होती ते आम्हा दोघींच्याही कानात होतं.

"का नाही बसणार? सातला सुटते ना आता. नाही सुटलं जुलैत तर परत मार्चला बसेन. सुटेपर्यंत बसेन." मग तिने घड्याळाकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. "निघते मॅडम. गणिताचा तास आहे, आणि खाली दोघी थांबल्यात."

"कोण दोघी?"

"दुकानातल्याच. त्यांनी पण नावं घातलीत."

मी गॅलरीत गेले. खाली गेटापाशी त्या दिवशी खाली मान घालून गप्प बसलेल्या दोघी उभ्या होत्या, काखेत नव्या वह्या. रेवती खाली पोचली तशा तिघी रस्ता ओलांडून शाळेच्या दिशेने चालायला लागल्या, मोठमोठ्याने बोलत. मी वहिनीला हाक मारली, बघ म्हटलं. ती आली, कठड्याला धरून बघत राहिली. अजून चांगला उजेड होता.